१९८२ सालाची वही : घडलं, कळलं, छापलं

दहावीच्या १९८२ च्या तुकडीचं स्नेहसंमेलन ठरतं, किंवा एखाद्या चाळीचा वर्धापनदिन येतो, आणि 'त्या साली काय काय झालं होतं' असा फलक लावायची टूम निघते. मग कुणीतरी इंटरनेटवरून पंधरा ओळी उतरवून आणतं : ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड बेटांवरचं युद्ध, इटलीने जिंकलेला फुटबॉलचा विश्वचषक, सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांचं निधन, दिल्लीचं एशियाड. सगळं बरोबर असतं. पण ते साल लालबागेत किंवा साताऱ्यात कसं गेलं, याचा त्यात मागमूस नसतो. तो हवा असेल तर सालाची वही करावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, अवघड मात्र नाही. आम्ही १९८२ साठी जी पद्धत वापरली ती इथे लिहीत आहोत, चुका कुठे होतात त्यासकट.

एक जाड फुलस्केप वही घ्यायची आणि समोरासमोरची दोन पानं मिळून सहा रकाने आखायचे. पहिल्यात घटना, दुसऱ्यात ती घडली ती तारीख, तिसऱ्यात ती इथल्या माणसांना कळली ती तारीख, चौथ्यात छापून आली ती तारीख, पाचव्यात माहिती कुठून घेतली ते आणि सहाव्यात शेवट, म्हणजे ती गोष्ट कधी संपली ते. शेवटचा रकाना सुरुवातीला निरुपयोगी वाटतो, पण तो आखून ठेवाच.

मधल्या तीन तारखांवरच या कामाचा सगळा डोलारा उभा आहे. फॉकलंडमध्ये अर्जेंटिनाच्या फौजेने शरणागती पत्करली ती १४ जून १९८२ ला. करारावर वेळ आहे ग्रिनिचची रात्री ११ वाजून ५९ मिनिटं. आपल्याकडे तेव्हा १५ जूनची पहाट उजाडत होती, घड्याळात साडेपाचला एक मिनिट कमी. म्हणजे १५ जूनचा अंक तेव्हा छापून स्टॉलवर गेलेला होता. बातमी पहिल्यांदा आली ती आकाशवाणीवर, आणि करार झाल्याची छापील बातमी शोधायची ती १६ जूनच्या अंकात. १५ चा अंक उघडून 'अरेच्चा, यात काहीच नाही' म्हणत बसणारे आम्ही पाहिले आहेत. ब्रेझनेव्ह १० नोव्हेंबरला गेले, पण मॉस्कोने ते जाहीर केलं ११ तारखेला सकाळी ११ वाजता, आपल्या दुपारी दीडला. छापील बातमी १२ तारखेची. तीन रकाने, तीन वेगळ्या तारखा. रस्त्यावरच्या माणसाचं साल मधल्या रकान्यात असतं, आणि तयार यादीत नेमका तोच रकाना नसतो.

परदेशातल्या प्रत्येक घटनेला हा हिशोब करावा लागतो, म्हणून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर वेळेचे फरक लिहून ठेवा. उन्हाळ्यात इंग्लंडच्या घड्याळात साडेचार तास मिळवायचे, स्पेनच्या साडेतीन. माद्रिदचा अंतिम सामना ११ जुलैला, रविवारी, तिथल्या रात्री आठला सुरू झाला, म्हणजे इथे साडेअकराला. इटलीने पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं तेव्हा इथे सोमवार लागून तास उलटून गेला होता. इथे आवृत्त्यांचा घोळ सुरू होतो. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर छापून गाडीला लागायची आणि शहर आवृत्ती उशिरा निघायची. एकाच तारखेच्या, एकाच दैनिकाच्या दोन अंकांत वेगळ्या बातम्या असू शकतात. ग्रंथालयातली फाइल कोणत्या आवृत्तीची आहे हे सुरुवातीलाच पाहून टिपून ठेवा. पानाच्या माथ्यावर किंवा तारखेच्या पट्टीत त्याची खूण बहुधा मिळते. जूनअखेरच्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत आपल्या संदीप पाटीलने बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले. मध्ये एक नोबॉल होता, म्हणून ते षटक सात चेंडूंचं झालं. पाटील १२९ वर नाबाद राहिला. इंग्लंडमधला खेळ सहाला थांबला तरी इथे रात्रीचे साडेदहा वाजलेले असायचे. म्हणून डाक आवृत्तीत चहापानापर्यंतचीच धावसंख्या सापडली तर ती चूक समजू नका, तो त्या आवृत्तीचा अखेरचा आकडा आहे. पूर्ण आकडा शहर आवृत्तीत किंवा दुसऱ्या दिवशी शोधा.

आता ग्रंथालय. जुन्या दैनिकांच्या फाइली सगळीकडे नसतात. मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालय अशा जुन्या संस्थांत आधी विचारावं, आणि जिल्ह्याच्या गावी सर्वांत जुनं सार्वजनिक वाचनालय गाठावं. जाण्याआधी फोन करा. ओळखपत्र आणि एका ओळीचा अर्ज सोबत ठेवा. त्यात दैनिकाचं नाव, साल आणि महिना स्पष्ट लिहा. 'जुने पेपर बघायचेत' एवढं म्हणून गेलात तर हात हलवत परत याल. फाइल बहुधा महिन्याची किंवा दोन महिन्यांची एकत्र बांधलेली असते, आणि गोदामातून वर यायला वेळ लागतो. एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त मागवू नका. एका दैनिकाचा एक महिना नीट चाळायला आम्हाला अडीच ते तीन तास लागले. त्या हिशोबाने सबंध साल म्हणजे तीस-पस्तीस तास, आणि हे एकच दैनिक धरून. दुसरं दैनिक सगळं चाळू नका, ते फक्त पडताळ्यासाठी ठेवा.

वृत्तपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा. त्यात आम्ल असतं, म्हणून चाळीस वर्षांत तो चहाच्या रंगाचा आणि पापडासारखा होतो. १९८२ च्या अंकाचं पान चिमटीत धरून नेहमीसारखं उलटलं तर घडीवर तुटतं. पानाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली तळवा सरकवायचा, पूर्ण हातावर पान तोलायचं आणि मग पलीकडे नेऊन ठेवायचं. बोटाला थुंकी लावायची नाही. पेनला मनाई असते आणि ती योग्यच आहे, पेन्सिल न्या. फाइल झेरॉक्सच्या काचेवर पालथी दाबली की शिवण उसवते, म्हणून परवानगी घेऊन मोबाइलने वरून फोटो काढा, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात. प्रत्येक कात्रणाचे दोन फोटो हवेत : एक पूर्ण पानाचा, ज्यात माथ्यावरची तारीख दिसते, आणि एक जवळून. दुसराच काढला की घरी गेल्यावर तारीख कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. या कामात सर्वांत जास्त मेहनत वाया जाते ती इथे. फोटोचं नाव त्याच दिवशी बदला, साल-महिना-दिवस-पान या क्रमाने, म्हणजे सगळं आपोआप ओळीने लागतं.

फाइलीत भोकं सापडतील. कुणी शब्दकोडं कापून नेलेलं असतं, कुणी पाककृती, कुणी आपल्या मुलाचा परीक्षा क्रमांक असलेला निकाल. कापलेल्या तुकड्यामागे दुसऱ्या पानावरची बातमीही जाते. अशा जागी वहीत 'पान कापलेलं' असं लिहा, अंदाजाने भरू नका. काही अंक मुळात निघालेलेच नसतात. दिवाळीत कार्यालयांना सुटी असते आणि पुढच्या दिवशी अंक नसतो. आदल्या अंकाच्या पहिल्या पानावर तशी चौकट मिळते, तिचाही फोटो घ्या, नाहीतर अंक हरवला असं वाटत राहतं.

१९८२ मध्ये हे नेमकं नोव्हेंबरात आड येतं. १५ नोव्हेंबर, सोमवार. पवनारला आचार्य विनोबा भावे यांनी देह ठेवला तो हा दिवस. मॉस्कोत ब्रेझनेव्ह यांचा अंत्यविधी झाला तोही हाच, आणि आपल्याकडे त्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं. एवढ्या मोठ्या दोन बातम्या सणाच्या सुटीच्या तोंडाशी आल्या. छापील माहिती एका अंकात एकत्र मिळत नाही. पुढचे तीन-चार अंक पाहावे लागतात, आणि 'कळलं' हा रकाना आकाशवाणीवरच भरावा लागतो.

दिवाळी इतकी उशिरा कशी, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. त्या साली अधिक आश्विन होता. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला, रविवारी झाली, आणि दसरा थेट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला. तिथ्यांचं चक्र साधारण १९ वर्षांनी फिरून त्याच जागी येतं, म्हणून २००१ आणि २०२० मध्येही अधिक आश्विनच होता, आणि २०२० ची गणेश चतुर्थी पुन्हा २२ ऑगस्टलाच आली. वार जुळवायचे असतील तर मात्र २०१० किंवा २०२१ चं कॅलेंडर काढा. १ जानेवारी शुक्रवार, लीप वर्ष नाही, त्यामुळे सगळे वार तेच. वारासाठी एक कॅलेंडर आणि सणासाठी दुसरं, ही गल्लत करू नका.

अंकाच्या माथ्यावरच्या तारखांचंही तसंच. १५ नोव्हेंबर हा भारतीय सौर २४ कार्तिक १९०४, आणि तिथीने निज आश्विन (म्हणजे अधिक महिन्यानंतरचा नेहमीचा आश्विन) अमावास्या. दोन्ही 'शके १९०४' म्हणतात, पण महिने वेगळे. घरच्या जुन्या पत्रिकेवर किंवा लग्नपत्रिकेवर तिथी असते ती दुसरी. शके १९०४ सुरू झाला १९८२ च्या पाडव्याला आणि संपला १९८३ मध्ये, त्यामुळे जानेवारी १९८३ चं लग्न 'त्याच सालचं' म्हणून वहीत घुसतं. पत्रिका हातात आली की आधी इंग्रजी तारीख शोधायची.

करमणुकीच्या नोंदी करताना सालाच्या सीमारेषा फार सांभाळाव्या लागतात. चित्रपटाला तीन तारखा असतात : सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची, पहिल्या प्रदर्शनाची आणि आपल्या गावच्या टॉकीजला लागला ती. यादीत बहुधा पहिल्या दोनपैकी एक असते. आपल्याला तिसरी हवी, आणि ती मिळते शुक्रवारच्या अंकातल्या जाहिरातीत, जिथे 'आजपासून' असं छापलेलं असतं. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ चा. 'गांधी' हा चित्रपट दिल्लीत ३० नोव्हेंबर १९८२ ला पहिल्यांदा दाखवला गेला, म्हणून त्याची नोंद या वहीत होते. त्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं ते एप्रिल १९८३ मध्ये. ती नोंद पुढच्या वहीतली, कितीही मोह झाला तरी. 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांना बंगळूरला झालेली दुखापत १९८२ ची, चित्रपट १९८३ चा. दुखापतीची तारीख कुठे २४ जुलै छापलेली सापडते, कुठे २६. अशा वेळी 'जुलैचा शेवटचा आठवडा' लिहावं आणि पाचव्या रकान्यात दोन्ही ठिकाणं नोंदवावीत. आपल्याला पटली म्हणून एक तारीख पक्की करून टाकणं हा या कामातला अप्रामाणिकपणा आहे.

जगात घडलं म्हणून ते इथे पोचलं असंही नसतं. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा गाण्यांचा संग्रह अमेरिकेत नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस आला, आणि जपानमध्ये सीडीचे पहिले प्लेअर १ ऑक्टोबरपासून विकायला लागले. आपल्या गल्लीतल्या माणसासाठी 'कळलं' हा रकाना त्या साली कोराच असणार. तो कोरा ठेवा. कोऱ्या रकान्यांवरून ते साल जास्त समजतं.

टीव्हीबद्दल माणसं ठासून सांगतात आणि हमखास चुकतात. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं, १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळातलं एशियाड रंगात दाखवलं गेलं. पण रंगीत प्रक्षेपण साध्या संचावरही काळंपांढरं दिसायचं, आणि बहुसंख्य घरांत तसंच दिसलं. 'आम्ही एशियाड रंगीत पाहिलं' असं कुणी म्हणालं की तीन प्रश्न विचारा : संच कुणाच्या घरी होता, खाली चपला काढून किती जण बसले होते, आणि तो संच कुठून आणला. शेजाऱ्यांचं नाव पटकन आलं तर आठवण पक्की. अडखळले तर पुढच्या वर्षीचा क्रिकेटचा विश्वचषक आणि १९८४ ची 'हम लोग' मालिका त्यात मिसळलेली असते. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ अशी हार मात्र सगळ्यांना लख्ख आठवते, रंग आठवो न आठवो. त्या स्पर्धेतल्या शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, हे मुंबईकरांनाच माहीत नसतं. आणि एसटीच्या ज्या गाड्या त्या स्पर्धेसाठी दिल्लीला धावल्या त्यांच्यावरून निमआराम गाडीला 'एशियाड' नाव पडलं, ते तर आजही डेपोत ऐकू येतं.

वडीलधाऱ्यांना 'तारीख काय होती' असं कधीच विचारू नये. तारखा कुणाच्या लक्षात नसतात, खुणा असतात. गणपती बसायच्या आधी की नंतर? तुमचा थोरला तेव्हा कितवीत? घरात रॉकेलसाठी रांगेला कोण जायचं? मुंबईतला पोलिसांचा संप आणि दंगल १८ ऑगस्टची, म्हणजे गणपतीच्या चारच दिवस आधीची. ही एक खूण धरली तर तो अख्खा महिना माणसांना उलगडतो : मूर्ती आणायला कुठल्या रस्त्याने गेलो, रस्त्यावर लष्कर होतं, मंडप अर्धा उभा होता. बोलणं रेकॉर्ड करण्याआधी विचारा, आणि हातात द्यायला एखादी वस्तू घेऊन जा. १९८२ मध्ये निघालेलं २० पैशांचं षटकोनी अॅल्युमिनियमचं नाणं आम्ही नेत होतो. तळहातावर ठेवलं की वजन जाणवतच नाही, आणि तेवढ्यानेच बोलणं सुरू होतं. १५ पैशांचं पोस्टकार्डही तितकंच कामाचं, कारण त्यावर टपालाचा शिक्का असतो. गावच्या टपाल कचेरीचा शिक्का नीट उमटला असेल तर एवढा पक्का तारखेचा पुरावा घरात दुसरा मिळत नाही.

भावांच्या बाबतीत तोंडी आकडा वहीत घेऊ नका. माणूस त्या दशकातला सर्वांत स्वस्त भाव सांगतो. किराणामालाची यादी, सोनाराची पावती, शाळेच्या फीची पावती, जाहिरातीतली किंमत, यांपैकी काहीतरी हातात हवं. सोन्याचा भाव तोळ्याचा आहे की १० ग्रॅमचा ते पाहा. तोळा ११.६६ ग्रॅमचा असतो, आणि फलकावर दोन्ही एकाच ओळीत बसवले की आकडा खोटा होतो. जाहिरातीखाली बारीक अक्षरात 'कर वेगळे' असेल तर तेही लिहा.

छापायचं किंवा लावायचं झालं तर एक कायदेशीर बाब आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९८२ च्या फोटोंवर तो अजून आहे. तेव्हा कात्रणं अभ्यासासाठी ठेवा, फलकावर मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि दैनिकातला फोटो लावायचाच असेल तर परवानगी घ्या. घरांतून आलेले फोटो जास्त बोलके असतात. त्यांच्या मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहून परत करा.

राहिला गिरणी संप. मुंबईत १९८२ ची वही त्याच्याशिवाय सुरूच होऊ शकत नाही. १८ जानेवारी, सोमवार, दत्ता सामंत यांचं नेतृत्व, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले तीन रकाने सरळ भरतात. बातम्यांत तो वर्षभर दिसतो, पण पहिल्या पानावरून हळूहळू आत सरकत जातो. एप्रिल-मेपासून शोध आतल्या पानांवर घ्या, नाहीतर संप थंडावला असा चुकीचा ग्रह होतो. घरोघरचं साल मात्र कागदांवर आहे : जानेवारीनंतर कोरं राहिलेलं पासबुक, सोनाराकडे मोड घातल्याची चिठ्ठी, खानावळीचा उधारीचा कागद, आणि शाळा सोडल्याचा दाखला. या दाखल्याकडे नीट पाहा. त्यावर शाळा सोडल्याची तारीख असते, इयत्ता असते, आणि 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. जूनऐवजी वर्षाच्या मध्येच ती तारीख पडलेली दिसली की ते घर गावी कधी गेलं ते दिवसासह कळतं. कोकण, सातारा, कोल्हापूर, जिथे गेले असतील तिथल्या शाळेत तोच दाखला दाखवून प्रवेश झालेला असतो, त्यामुळे मूळ प्रत बहुधा त्या गावच्या शाळेच्या दप्तरात मिळते. तिथे मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि तो त्या विद्यार्थ्याने स्वतः केलेला असला तर काम होतं.

सहाव्या रकान्यात फॉकलंडपुढे १४ जून येतं, विश्वचषकापुढे ११ जुलै, एशियाडपुढे ४ डिसेंबर. संप मागे घेतल्याची घोषणा झालीच नाही, त्यामुळे त्याच्या ओळीत तिथे लिहायला तारीख नाही. आम्ही त्या चौकटीत दाखल्याची झेरॉक्स घडी घालून लावली. नाव झाकलं, तारीख उघडी ठेवली.